पोचा, चीर आणि कळक

पितळेची वाटी हातातून निसटून फरशीवर पडली तर तिला पोचा पडतो. काशाची वाटी पडली तर ती तडकते. बिडाचा तवा पडला तर त्याचे सरळ दोन तुकडे होतात, आणि जर्मनचं पातेलं पडलं तर ते चेमटतं. चारही वस्तू धातूच्याच, पडण्याची उंचीही तीच. पण जुन्या मराठी घरातली बाई या चौघींसाठी चार वेगळे शब्द वापरत असे. धातुशास्त्र तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते मऊ, म्हणून ते आत दबतं. काशात तांब्याबरोबर साधारण पाचवा हिस्सा कथील असतं. त्याने कासं कडक होतं, छान निनादतं, पण ठिसूळही होतं. हे सगळं ज्ञान तिच्या क्रियापदांत भरलेलं होतं.

मोडतोडीच्या शब्दांची ही श्रीमंती कुठून आली, याचं उत्तर साहित्यात शोधून सापडत नाही. ते तांबट आळीत, लोहाराच्या भात्यापाशी, कुंभारवाड्यात आणि बोहारणीच्या पाटीत सापडतं. वस्तू बिघडली की ती कुणाकडे न्यायची, ती दुरुस्त होईल की नाही आणि झाली तर काय पडेल, हे ठरवण्यासाठी हे शब्द घडले. ‘भांडं खराब झालं’ असं सांगून तांबटाला काहीच कळत नसे. बूड बसलं, काठ दुमडला, कान सुटला, गळ्याशी चीर गेली की नुसती कल्हई उडाली, हे त्याला हवं असे. कारण यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि दामही वेगळा.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या व्यवसायाचं महाराष्ट्रातलं सर्वांत नावाजलेलं ठिकाण. पेशवाईत शहर वाढत गेलं, तसे कोकणातून आलेले तांबट इथे स्थिरावले. खाली कारखाना, वर बिऱ्हाड अशी घरं आणि दिवसभर घणाचा ठणठणाट. नाशिकला तांबट लेन आणि भांडी बाजार, मुंबईत पायधुणीजवळ तांबाकाटा, ही याच धंद्याची गावोगावची नावं. झाडावर बसून एका लयीत ‘टुक टुक’ करणाऱ्या छोट्या हिरव्या पक्ष्यालाही मराठीने तांबट असंच नाव दिलं, इतका तो आवाज लोकांच्या कानांत बसलेला होता.

तांबटाची खरी ओळख म्हणजे मठारकाम. घडवलेल्या भांड्यावर लहान हातोडीने एकापुढे एक नेमके ठोके मारत जायचं, की पृष्ठभागावर सारख्या चकत्यांची नक्षी उठते. ती दिसायला सुंदर असतेच, पण तिचं मुख्य काम वेगळं असतं. भट्टीत ताव दिल्यावर तांबं मऊ पडतं. मठारल्यावर ते पुन्हा कडक होतं आणि भांडं लवकर चेपत नाही. म्हणजे पोचा पडू नये याची तजवीज भांडं जन्मतानाच केलेली असते. पोचा पडलाच, तर तोच माणूस भांडं खुंट्यावर पालथं घालून आतून-बाहेरून ठोकत तो काढून देई. ठोकून काढलेल्या पोच्याची जागा जाणकाराच्या बोटाला कळते. तिथला मठार नवा असतो, आजूबाजूचा झिजलेला.

चीर हा त्याहून गंभीर प्रकार. पोचा पडलेली घागर पाणी भरू शकते, चीर गेलेली भरू शकत नाही. तीही आधी झिरपते, मग ठिबकते आणि शेवटी गळते. या तिन्ही अवस्थांना तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचा क्रम कुणी चुकवत नाही. झिरपणाऱ्या भांड्याला डाख लावून भागे, म्हणजे कथील-शिशाचा मऊ सांधा. चुलीवर चढणाऱ्या भांड्याला तो चालत नाही, आचेने वितळून जातो. तिथे पितळी झाळ लागते. डाख आणि झाळ यांतला हा फरक आजही मराठी परिभाषेत ‘डाखकाम’ आणि ‘झाळकाम’ या जोडशब्दांत टिकून आहे, आणि परिभाषाकारांनी हे शब्द कारागिरांकडून घेतले ही चांगली गोष्ट केली.

कळक मात्र डोळ्यांना लगेच दिसत नाही. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली, की आंबटाने धातू विरघळू लागतो. पदार्थाला एक तुरट, मळमळवणारी चव येते. ‘ताक कळकलं’ म्हणतात ते यालाच. भांड्यावर हिरवं साचलं तर ते जंगाल. कळकलेलं खाल्लं की उलट्या होतात, हे घराघरांत माहीत होतं, त्यामुळे कळकणं हा शब्द एका अर्थी धोक्याची सूचना होता. तो उच्चारला गेला की पुढचं वाक्य ठरलेलं असे: कल्हईवाल्याला हाक मारा.

कल्हईवाला येई तो रस्त्याच्या कडेला खड्डा खणून, त्यात भात्याचं तोंड पुरून बसे. कोळसा फुलला, की पातेलं चिमट्यात धरून तो ते आचेवर गरगर फिरवी. भांडं पुरेसं तापल्याची खूण त्याला रंगावरून कळे. मग नवसागराची चिमूट आत पडे आणि पांढऱ्या, घशाला झोंबणाऱ्या धुराचा लोट उठे. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, आणि तांब्यावरची काळी पुटं निघून जातात. धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर हा सगळा धंदा उभा आहे. कांडीचा थेंब चकाकत खाली उतरतो न उतरतो, तोच कापसाच्या बोळ्याने तो भांडंभर पुसून घ्यायचा. लाल भांडं बघता बघता रुपेरी होतं. शेवटी पाण्यात बुडवलं की चुर्र आवाज येतो आणि भांडं मालकिणीच्या हातात पडतं. ती आधी आत बोट फिरवून बघे. कुठे तांबडं राहिलं असेल तर भांडं परत भट्टीवर जाई.

हा थर पुरतो तो काही महिनेच. घासताना राख-चिंचेने तो झिजतो आणि आधी बुडाशी लाली दिसू लागते. म्हणून कल्हईवाल्याच्या फेऱ्या वर्षातून अनेकदा होत, आणि लग्नसराई किंवा मोठा सण तोंडावर आला की त्याच्यापुढे रांग लागे. फसवणूकही होई. कथील महाग, शिसं स्वस्त. कथलात शिसं मिसळलं की कल्हई चटकन काळी पडते आणि पोटात विष जातं. चांगल्या कल्हईची पारख घरच्या बायका रंगावरून करत, आणि ती चुकली तर त्याची किंमत सगळं घर मोजे.

कथील आपल्याकडे फारसं निघत नाही. शतकानुशतकं ते मलायाच्या बाजूने समुद्रमार्गे येत राहिलं. ‘कल्हई’ शब्दाचं मूळ अरबीतल्या कथलाच्या नावात आहे, आणि ते नाव मलाया किनाऱ्यावरच्या ‘कलह’ या जुन्या बंदरावरून पडलं असं बरेच अभ्यासक मानतात. १९४२ साली जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं, तेव्हा जगाच्या कथलाचा एक मोठा स्रोत एकदम तुटला. गल्लीतल्या चिमूटभर कथलाचं नातं इतक्या लांबच्या घडामोडींशी होतं.

गावात तांबट सगळीकडे नसे. लोहार आणि सुतार मात्र असत. त्यांची दुरुस्ती पैशांवर चालत नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याच्या या व्यवस्थेचं सविस्तर वर्णन आहे. शेतकऱ्याची अवजारं वर्षभर नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. एका दुरुस्तीचा एक दाम असा हिशेब नसल्याने वस्तू किंचित बिघडली तरी ती लगेच कारागिराकडे जाई. विळा बोथटला की पाजवून आणायचा. नांगराचा फाळ झिजला की शेवटून आणायचा, म्हणजे त्याला नवं टोक जोडून घ्यायचं. गाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात लाकूड आकसल्यामुळे सैल होई. ती काढून, तापवून, लाल असतानाच चाकावर चढवून पाणी ओतलं की आवळून बसे. कणा मोडतो, नाडा तुटतो, मोट उसवते, जू चिरतं. बोथट विळ्याला ‘मोडका विळा’ म्हणणारा माणूस शेतकरी नव्हे, हे लोहार ऐकताक्षणी ओळखे.

या व्यवस्थेचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू लपवू नये. बलुतेदाराचा वाटा ठरवण्याचं बळ जमीन असणाऱ्याकडे होतं. चांभाराने मोटेला ठिगळ लावून द्यायचं, पण त्याला त्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नसायची. दुरुस्तीची भाषा ज्यांनी घडवली, त्यातल्या अनेकांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत आले ते दुसऱ्यांनी टिपले म्हणून.

टिपणाऱ्यांत पहिलं मोठं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचं. इंग्रजांच्या फौजेत कोवळ्या वयात आलेला हा माणूस मराठीत असा रमला, की कँडी बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साथीने त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश उभा केला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. ग्रांथिक शब्दांवर न थांबता बाजारातले, शेतातले, चुलीपाशचे शब्द त्यात घेतले गेले. आवाजाचे शब्द तर त्यात ढिगाने आहेत. पुढे १९३२ पासून यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने हे काम पुढे नेलं. हे दोन कोश नसते तर कारागिरांच्या बोलण्याचा मोठा भाग कायमचा हरवला असता.

आवाजाचे शब्द इथे मुद्दाम आठवायचे, कारण मोडतोड पाहण्याआधी ऐकण्याची पद्धत होती. माठ घेताना बाई त्यावर टिचकी मारते. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर कच्चा भाजलेला, किंवा कुठेतरी न दिसणारा तडा गेलेला. भूल होऊ नये म्हणून ती माठ फिरवून तीन-चार ठिकाणी वाजवते. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीही हेच केलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतर नगर जिल्ह्यात जोर्वे आणि नेवासे इथे खोदकाम केलं. १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात मोठं उत्खनन झालं. जोर्वे इथे पहिल्यांदा ओळखलेल्या त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या तांबूस, तोटीच्या भांड्यांचं एक लक्षण अभ्यासकांनी नोंदवलं, ते म्हणजे त्यांचा धातूसारखा खणखणीत नाद. इतकी ती छान भाजलेली होती. अख्खी भांडी मिळतात थोडी. हाती लागतात ती खापरं. काठाचं एक खापर मिळालं तरी भांड्याच्या तोंडाचा घेर काढता येतो, त्यामुळे काठाचं खापर पोटाच्या खापरापेक्षा मोलाचं.

नाणंही असंच वाजवून घेतलं जाई. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये चालत. चांदवडी, अंकुशी अशी त्यांची नावं होती. झिजलेला, काठ कातरलेला, ठसा पुसलेला, भोक पाडलेला, अशा प्रत्येक रुपयाची किंमत सराफ वेगळी लावी आणि कमी पडेल तो बट्टा कापून घेई. गावात नाण्यांची पारख पोतदाराकडे. १८३५ साली कंपनी सरकारने एकाच वजनाचा रुपया लागू केला. त्यानंतर ही पारख हळूहळू निरुपयोगी झाली. बट्टा बाजारातून गेला आणि ‘नावाला बट्टा लागला’ एवढ्यापुरता उरला.

कापडाच्या बाबतीत तर शब्दांना अंत नाही. नवं लुगडं आधी मळतं, मग विटतं, मग विरतं. विरलं म्हणजे फाटलं नव्हे. सूत जागेवर असतं, पण उजेडासमोर धरलं तर आरपार दिसतं. नऊवारी लुगडं झिजतं ते मध्यभागी, बसण्या-उठण्याच्या जागी. तेव्हा विरलेला मधला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धड टोकं एकमेकांना शिवायची. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं नेसणं ही गरिबीची खूण होती, पण लाजेची नव्हे. त्यानंतर ते जुनेर होई. जुनेराची गोधडी, गोधडीची पुढे वाकळ, आणि शेवटी चुलीपाशचं फडकं. इतक्या पायऱ्या उतरल्यावरच त्याला चिंधी म्हणत. प्रत्येक पायरीवर कापडाला काम होतं, म्हणून प्रत्येक पायरीला नाव होतं. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा बहुधा हाच आहे.

बोहारणीला या पायऱ्या पाठ असत. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई दारात बसली, की आधी कापड दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणी. विरलेलं कापड लगेच चरकन जाई. उसवलेलं तिला चाले, कारण शिवण घालता येते; कुजलेलं ती बाजूला सारी. जरीचं जुनं पातळ असेल तर तिचा चेहरा बदले, कारण खऱ्या जरीतली चांदी जाळून काढता येई. घासाघीस अर्धा-अर्धा तास चाले, आणि तिचा सगळा आधार नेमक्या शब्दांवर असे.

काही वस्तू मात्र फुटल्या तरी फुटल्या म्हणायचं नाही, असा दंडक होता. हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, मंगळसूत्राची दोरी तुटली तर तेही ‘वाढलं’. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. सौभाग्य आणि समृद्धी यांच्या वस्तूंवर मोडतोडीचं क्रियापद चालवायचं नाही, उलट बरकतीचं चालवायचं, असा हा रिवाज. विधवा झालेल्या बाईच्या बाबतीत मात्र बांगड्या फोडल्याच म्हणत. एकाच कृतीला दोन शब्द, आणि त्यांच्यामध्ये बाईचं सगळं आयुष्य. या शब्दांचा गोडवा सांगणाऱ्यांनी हेही सांगितलं पाहिजे.

वस्तूचा अगदी शेवट म्हणजे मोड. ज्या भांड्याला आता डाखही धरत नाही, ते तांबटाकडे वजनावर जाई. तो त्यात घट धरून मोडीचा भाव सांगे, आणि तेवढे पैसे वळते करून नवं भांडं देई. जुनी घागर वितळून परात होई. धातू घरातून जाऊन घरातच परत येई. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तांब्या-पितळेचे तयार पत्रे मुंबईत उतरू लागले आणि घडाईचं काम सोपं झालं, तरी मोडीचा व्यवहार चालूच राहिला. ‘मोडीत काढणं’ हा वाक्प्रचार तिथलाच. आता तो एसटीच्या जुन्या गाड्यांना आणि नको असलेल्या योजनांना लागतो.

हे चक्र थांबवलं ते स्टेनलेस स्टीलने. १९६० नंतर ते मराठी घरांत शिरलं आणि दोन पिढ्यांत चूल, ओटा, मांडणी सगळं व्यापून बसलं. त्याला कल्हई नको, ते कळकत नाही, त्यावर जंगाल धरत नाही. बाईच्या कष्टांच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होता; राख-चिंचेने पितळ घासून हातांना भेगा पडलेल्या बायकांनी स्टीलचं मनापासून स्वागत केलं, आणि ते योग्यच होतं. पण त्याबरोबर कल्हईवाल्याच्या फेऱ्या थांबल्या. बलुतं तर त्याआधीच मोडकळीला आलेलं होतं. लोखंडी नांगर, रबरी टायर आणि विजेचा पंप आला. शेवटणं, धाव आणि मोट एकामागोमाग गेली.

शब्द एका दिवसात मरत नाहीत. ते आधी वस्तू सोडतात आणि माणसांना चिकटतात. ‘फाटका माणूस’, ‘पोचट बोलणं’, ‘नात्याला तडा’, ‘बोथट झालेलं मन’ हे सगळं आजही रोजच्या बोलण्यात आहे. पण शहरातल्या मुलाला ताक कळकतं म्हणजे काय होतं हे विचारलं, तर सांगता येत नाही. आणि ‘डाख’ हा शब्द त्याने ऐकलेलाच नसतो. मोबाइलचा पडदा फुटतो, बॅटरी फुगते, वायर जळते, एवढ्यावर त्याचं भागतं, कारण पुढची पायरी बहुतेक वेळा बदलून घेण्याची असते.

तांबट आळीत अजून घण पडतो. आरोग्यासाठी तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याची जुनी सवय गेल्या काही वर्षांत परत आली आहे, मठारकाम केलेले दिवे आणि पेले नव्या घरांत शोभेला जातात. तरुण पोरं मात्र आळीत फार उरलेली नाहीत, आणि ज्यांना पोचा, चीर, झाळ, डाख, ताव यांतला प्रत्येक बारकावा हाताने माहीत आहे, ते आता म्हातारे आहेत. त्यांच्या बोलण्याच्या नोंदी, वस्तूच्या छायाचित्रासह, करून ठेवणं विद्यापीठांच्या मराठी विभागांना सहज जमण्यासारखं काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. तोवर वाचकांनी एवढं करावं. माळ्यावर आजीचं एखादं पितळेचं पातेलं पडलेलं असेल, तर ते मोडीत घालू नका. कल्हईवाला शोधा, तो अजून सापडतो. भांडं त्याच्यापुढे ठेवा, याला काय झालंय ते त्याला विचारा, आणि तो जे शब्द वापरेल ते लिहून घ्या.